सगळे म्युलर भाऊबंद का?

प्रश्न : वेदांचे अभ्यासक मॅक्स म्युलर, फुटबॉलपटू गेर्ड म्युलर आणि नोबेलवाल्या हेर्टा म्युलर एकाच घराण्यातले का? मी पैजेवर ‘हो’ म्हटलंय. — एक वाचक, सांगली

उत्तर : पैसे काढून ठेवा, पैज हरलात. म्युलर म्हणजे गिरणीवाला. जर्मनीतलं सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव, कारण ओढ्यानदीवर गावोगाव पाणचक्की आणि तिथे एकेक म्युलर. त्यांचं आपसातलं नातं सांगलीच्या आणि अकोल्याच्या कुलकर्ण्यांइतकंच!

जर्मन शिकत होते तेव्हा हा अर्थ मी आमच्या गिरणीवाल्या काकांना मोठ्या उत्साहाने सांगितला. भुवयांवरचं पीठ झटकत ते म्हणाले, “मग त्या वेदवाल्या साहेबाची गिरणी कुठे होती?”

प्रश्न बिनतोड होता. गिरणी नव्हतीच, मॅक्सचे आजोबा देसाऊ गावात शिंपी होते. वडील विल्हेल्म मात्र कवी, आणि त्यांची गाजलेली कवितामाला नेमकी गिरणीत काम शिकणाऱ्या एका पोराची. संगीतकार शूबर्टने तिला चाली लावल्या त्या १८२३ साली. मॅक्स जन्मला तोही त्याच वर्षी. पुढे त्यांनी सायणभाष्यासह ऋग्वेद सहा खंडांत छापला (१८४९ ते १८७४), संस्कृतात स्वतःला ‘मोक्षमूलर’ म्हणवून घेतलं. भारतात मात्र कधी आले नाहीत. तरी टिळक तुरुंगात होते तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जावर यांची सही होती. मला हा म्युलर त्यासाठी जास्त आवडतो.

गेर्ड बव्हेरियातल्या न्योर्डलिंगेनचा. ६२ आंतरराष्ट्रीय सामने आणि गोल ६८! १९७४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला विजयी गोलही त्याचाच. हेर्टाबाई रोमानियातल्या जर्मन भाषिक खेड्यात जन्मल्या. त्यांचं नोबेल २००९चं.

एक म्युलर तुम्ही विसरलात. स्वित्झर्लंडचे पाउल म्युलर. डीडीटी किडे मारतं हे त्यांनी शोधलं आणि १९४८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवलं. लहानपणी मलेरियाचे फवारेवाले आमच्या भिंतींवर पांढरे ओघळ ठेवून जायचे, ती यांचीच कृपा.

काकांना यातलं निम्मं सांगून झालं तोवर माझं दळण निघालं होतं. पुढच्या खेपेला डबा आणायला गेले, तर झाकणावर आमच्या आडनावाऐवजी खडूने लिहिलेलं : म्युलरीणबाई, ५ किलो.