सेंच्यासाठी (जपानी हिरवा चहा) हाती घडवलेली जपानी क्यूसू (छोटी चहादाणी) घेताना काय पाहावं?

एक-दोन माणसांना २०० ते २५० मिलीची पुरे. तोकोनामे या जपानमधल्या मातीकामासाठी प्रसिद्ध गावची लाल मातीची, आतून बिनझिलईची क्यूसू सेंच्याला छान. खरी परीक्षा गाळणीची. मातीतच पाडलेली छिद्रं बारीक आणि भरपूर हवीत; फुकामुशी (जास्त वेळ वाफवलेल्या) सेंच्याचा चुरा ढोबळ छिद्रं बुजवतो आणि धार अडते. पाणी भरून ओतताना झाकणावरचं भोक बोटाने दाबा: धार थांबली तर झाकण नीट बसतंय. चोचीखाली थेंब ओघळत असेल तर ती नकोच. मूठ बाजूला असते, ती बहुधा उजव्या हाताच्या सोयीची. डावखुरे असाल तर आधी विचारा. साबण लावू नका, माती वास धरते. गॅसवर तर मुळीच ठेवू नका, तडकेल.