घरात एक मूल आजारी, दुसऱ्याचं काय? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या 11 वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याचं नुकतंच कळलं. 6 वर्षांच्या धाकटीला आम्ही ‘दादाला ताप आहे’ एवढंच सांगितलंय. ती काही विचारत नाही. इतक्या लहान मुलीला खरं सांगावं का? किती?

सांगावं, आणि आजाराचं नाव घेऊन सांगावं. ती विचारत नसली तरी हलक्या आवाजातले फोन, ती खोलीत आली की थांबणारी बोलणी, दारात तयार असलेली दवाखान्याची पिशवी हे सगळं तिनं टिपलेलं असतं. त्याचा अर्थही तिनं आपल्यापुरता लावलेला असतो. या वयात तो बहुधा स्वतःशी येऊन थांबतो : मी दादाला ढकललं होतं, म्हणून असं झालं. ‘ताप’ म्हणून वेळ मारून नेण्यात आणखी एक अडचण आहे. उद्या तिला साधा ताप आला, तर आपल्यालाही दादासारखंच होणार असं तिला वाटेल.

सुरुवात तिला विचारूनच करा : ‘दादाला काय झालंय असं तुला वाटतं?’ कोणता गैरसमज काढायचा, ते तिच्या उत्तरातून कळेल. मग पाच-दहा मिनिटांत मावेल इतकंच सांगा. ‘दादाच्या आजाराचं नाव ल्युकेमिया. आपलं रक्त हाडांच्या आत तयार होतं. दादाच्या हाडांत बिघडलेल्या पेशी फार वाढल्यात, म्हणून तो लगेच दमतो. त्या पेशी मारायला डॉक्टर औषधं देताहेत.’ यानंतर तीन गोष्टी तिनं विचारल्या नाहीत तरी सांगायच्याच. हा आजार कुणाच्या बोलण्यानं किंवा भांडणानं झालेला नाही. शिवल्यानं, शेजारी झोपल्यानं तो लागत नाही. आणि आम्ही दवाखान्यात असू तेव्हा तुझ्याजवळ कोण असेल, शाळेतून तुला कोण आणेल. मोठ्यांना ही तिसरी गोष्ट किरकोळ वाटते, पण लहान मुलाचा जीव तिथेच अडकलेला असतो.

हात धुण्याबद्दल बोलताना जपा. केमोथेरपीमुळे मुलाची प्रतिकारशक्ती कमी होते, हे खरं. पण ‘तुझ्यामुळे दादाला काही होईल हं’ हे वाक्य मुलाच्या मनात वर्षानुवर्षं राहतं. ‘घरात आपण सगळेच हात धुतो’ असं म्हणा. तिच्या वर्गात कुणाला कांजिण्या आल्या, तर त्याच दिवशी दादाच्या डॉक्टरांना कळवा. हे लक्षात ठेवायचं काम मोठ्यांचं.

‘दादा मरणार का?’ असं तिनं विचारलं, तर ‘छे, काहीतरीच काय’ म्हणून विषय तोडू नका. आजची खरी स्थिती सांगा : ‘तसं होऊ नये म्हणूनच औषधं चालू आहेत. ती काम करताहेत असं डॉक्टर म्हणतात. काही बदललं तर आम्हीच तुला सांगू.’ मधलं वाक्य खरं असेल तरच उच्चारा आणि शेवटचं काहीही झालं तरी पाळा. आणि भूल द्यायची असेल, तर ‘डॉक्टर दादाला झोपवणार आहेत’ असं म्हणू नका. त्यानं मुलं रात्री झोपायला घाबरू लागतात. ‘दुखू नये म्हणून थोडा वेळ औषध देतात, मग तो जागा होतो’ असं सांगा.

तिला भेटायला नेण्याआधी काय दिसणार आहे ते सांगून ठेवा. केस साधारणपणे औषधं सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. स्टेरॉइडनं चेहरा सुजतो आणि चिडचिडही वाढते, म्हणजे दादा तिच्यावर खेकसला तर ते औषधामुळे. भेट 10-15 मिनिटांची पुरे. ‘मला बाहेर जायचंय’ म्हणताच तिच्यासोबत उठेल असं एक मोठं माणूस सोबत हवं. या आजाराचे उपचार बहुधा दोन ते तीन वर्षं चालतात. तेव्हा हे बोलणं एकदा करून संपणार नाही, दर टप्प्यावर करावं लागेल.

प्रश्न : धाकट्याला वारंवार फिट येतात. 13 वर्षांची मोठी मुलगी मात्र अतिशय समजूतदार आहे. हट्ट नाही, तक्रार नाही, भावाचं सगळं बघते. तिची काळजी करायची गरज आहे का?

आहे. घरात आधीच इतका ताण आहे, त्यात आपली भर नको, असं ठरवून बसलेली मुलं बाहेरून अशीच दिसतात. पोटदुखी, डोकेदुखी, मैत्रिणींना घरी न बोलावणं, रात्री भावाच्या श्वासाकडे कान लावून पडून राहणं यांवर लक्ष ठेवा. असं दोन-तीन आठवड्यांहून जास्त चाललं, तर बाल-मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकांना भेटा. स्वतःला इजा करण्याची किंवा जगणं नको झाल्याची भाषा आली, तर त्याच दिवशी भेटा.

तिनं मदत करायला हरकत नाही, पण जबाबदारी तिची नाही. फिट आल्यावर तिनं काय करायचं ते ठरवून द्या : मोठ्यांना हाक मारणं, घड्याळ बघणं, जवळच्या टोकदार वस्तू बाजूला करणं, त्याला कुशीवर वळवणं. तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. फिट 5 मिनिटांत थांबली नाही, तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं तातडीचं औषध द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची, पण हे काम मोठ्यांचं. त्याच्याजवळ तिला एकटीला ठेवून बाहेर पडू नका. रात्रीचा पहारा तर तिच्याकडे नकोच. शक्य असेल तर तिची झोपायची खोली वेगळी करा.

आणि तिला वेळ द्या. थोडा चालेल, पण ठरलेला. आई-बाबा पूर्ण दिवस बाहेर जायचं कबूल करतात, ऐनवेळी धाकट्याला फिट येते आणि बेत मोडतो. असं दोन-तीनदा झालं की मुलं मागणंच सोडतात. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा 20 मिनिटं बसा. फोन बंद, भावाचा विषय तिनं काढला तरच. चुकलंच तर नवी वेळ त्याच दिवशी सांगा. बक्षीस म्हणून हा वेळ वाढवू नका, शिक्षा म्हणून कापू नका. तिला भावाचा राग येत असेल, तर तोही तिथे ऐकून घ्या. ‘तो आजारी आहे ना’ म्हणून गप्प बसवू नका. ‘किती शहाणी ग तू’ हे कौतुकही जरा आवरा. ती खेळली, भांडली, चित्र काढलं, त्याचंही करा.

प्रश्न : मुलीला बोन मॅरो, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा मगज, याचं प्रत्यारोपण लागणार आहे. भावाचा मॅरो तिला जुळतो का, हे बघायला 10 वर्षांच्या भावाची तपासणी करायची आहे. त्याला कसं सांगू?

तपासणीच्या आधी सांगा, निकालानंतर नाही. तपासणी रक्ताची किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याची असते. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के, म्हणजे न जुळण्याचीच जास्त. हे आकडे त्यालाही सांगा, म्हणजे जुळलं नाही तर तो ते स्वतःचं अपयश मानणार नाही. जुळलं, तर पुढची माहिती द्या : पूर्ण भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईनं मॅरो काढतात. नंतर काही दिवस तिथे दुखतं. काढलेला मॅरो शरीर काही आठवड्यांत पुन्हा तयार करतं.

‘तूच ताईला वाचवणार’ हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका. प्रत्यारोपण यशस्वी झालं नाही, तर तेच वाक्य त्याच्यावर उलटतं. त्याला तपासणारे, त्याच्या शंका ऐकणारे डॉक्टर ताईच्या डॉक्टरांपेक्षा वेगळे असावेत, अशी मागणी करा. फक्त त्याचा विचार करणारं कुणीतरी असलं पाहिजे.

प्रश्न : भावंडाच्या आजाराबद्दल मुलाच्या शाळेला कळवावं का?

कळवा, पण मुलाला विचारून. वर्गात किती जणांना कळावं, हे त्याला ठरवू द्या. वर्गशिक्षकांना चार ओळींचं पत्र पुरेल : आजाराचं नाव, मुलाला काय सांगितलं आहे, सध्या त्याची ने-आण कोण करतं, आणि अचानक रडू आलं तर तो वर्गातून उठून कुणाकडे जाईल. ‘ताई कशी आहे?’ असं त्याला रोज विचारू नका, हेही त्यात लिहा. आधी ‘तू कसा आहेस?’ विचारा म्हणावं.