तीन फुटी कपाटात तिघांचे कपडे कसे बसवावेत? वर्षभर न वापरलेले कपडे काढून टाकावेत का?

आपण लिहिले आहे की वन बीएचके घरात तीन फूट रुंदीचे एकच कपाट आहे, पती, पत्नी आणि एक मूल अशा तिघांचे कपडे त्यात मावत नाहीत, आणि ‘जे वर्षभर अंगाला लागले नाही ते काढून टाका’ हा सल्ला पाळावा की नाही ते ठरत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्या सल्ल्याची किंमत मी मोजलेली आहे. हा सल्ला पाळू नये. ज्या घरात साड्या, सोवळे, लग्नाकार्याचे कपडे आणि आधीच्या पिढीची लुगडी आहेत, त्या घरासाठी तो नाहीच. पैठणी वर्षातून एकदा नेसली जाते आणि एखाद्या वर्षी नेसलीही जात नाही, म्हणून ती निरुपयोगी ठरते का?

२०१४ च्या जूनमध्ये, सातव्या महिन्यात, मी डोंबिवलीहून बाळंतपणासाठी कराडला माहेरी गेले. आमचे कपाट आपल्यासारखेच होते: ३६ इंच रुंद, दोन दारांचे, एका बाजूला कपडे टांगण्याची दांडी आणि दुसऱ्या बाजूला चार फळ्या. सर्वांत खालच्या खणात माझ्या आजीची चार सुती लुगडी होती. आजीने ती अनेक वर्षे रोज नेसून, रोज धुऊन इतकी मऊ केली होती की काष्ट्याच्या जागी कापड विरले होते, आणि एका लुगड्याच्या काठाशी तिने स्वतः घातलेले रफूचे टाके होते, जे पांढऱ्या दोऱ्याचे असल्यामुळे हिरव्या काठावर वेगळे दिसत. ही लुगडी मी बाळाच्या दुपट्यांसाठीच राखून ठेवली होती. लुगडे नऊ वारांचे, म्हणजे आठ मीटरहून थोडे अधिक असते. त्यातून दुहेरी चार दुपटी सहज निघतात, आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला असे जुने सुती कापडच सोसते हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. निघताना सामान फार झाल्यामुळे लुगडी तेवढी मागे राहिली.

माझ्या पाठीमागे घर सांभाळण्यासाठी वन्सं, म्हणजे माझ्या पतींच्या थोरल्या बहीण, दोन महिने राहायला आल्या होत्या. त्यांनी मोठ्या मायेने आमचे कपाट आवरले. जुलैत आईने दुपटी शिवायला घ्यायची म्हणून मी फोन करून लुगडी पाठवायला सांगितली, तेव्हा पलीकडे काही वेळ कोणी बोलेना. मग वन्संनीच सांगितले की दारावर बोहारीण आली होती, ती लुगडी आणि माझे काही जुने कपडे तिला दिले, आणि त्यावर झाकणाचा एक मोठा स्टीलचा डबा आणि दोन वाट्या मिळाल्या. त्यांचे म्हणणे असे होते की वर्षभरात ज्याची घडी मोडली नाही ते घरात ठेवून जागा कशाला अडवायची. शिवाय बोहारणीने आधी एकच वाटी देऊ केली होती, त्यांनी घासाघीस करून डबा मिळवला होता. मला त्या फोनवर काही बोलता आले नाही. आईने बाजारातून नवे मलमल आणले, ते तीनदा धुतले आणि त्याची दुपटी शिवली.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मी परत आले आणि कपाट उघडले. कपाट खरोखर अर्धे रिकामे दिसत होते, हे मान्य केले पाहिजे. माझ्या रेशमी साड्या हवा काढून घेण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत चपट्या करून, डांबराच्या गोळ्यांसह सर्वांत वर ठेवल्या होत्या. पिशवी उघडली तेव्हा आतून कोंदट वास आला. पावसाळ्यात भरलेल्या पिशवीत कापडाबरोबर दमटपणाही बंद होतो, आणि आमच्या भागातला जुलैचा पाऊस काय असतो हे सांगायला नको. सांताक्रूझला त्या एका महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पडतो. लग्नातली माझी येवल्याची पैठणी उलगडली, तर पदरावरच्या दोन मोरांच्या मधोमध, घडीच्या रेषेवर, जरीच्या तारा ओळीने तुटल्या होत्या, आणि एका बाजूला करड्या रंगाचा डाग होता. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्याभोवती धातूची चपटी बारीक तार गुंडाळलेली असते. धागा वाकतो, तार वाकत नाही. चार महिने एकाच घडीवर दाब राहिला की ती तिथेच तुटते. दादरच्या एका रफूगाराने पदरावरून बोट फिरवून सांगितले की धागा जोडता येईल, पण रेषा दिसत राहील. ती आजही दिसते.

तेव्हापासून वन्सं आणि मी या विषयावर सहमत झालेलो नाही. त्या म्हणतात की घर मोकळे हवे. मी म्हणते की ज्याच्या खणातली वस्तू आहे त्याला विचारल्याशिवाय तिला हात लावू नये, मग तो खण कितीही भरलेला असो. आपल्या घरातही कपाट आवरणार असाल तर प्रत्येकाने आपापला खण स्वतः रिकामा करावा, आणि मूल बोलण्याइतके मोठे असेल तर त्यालाही विचारावे.

आता जागेविषयी. कपाट भरते ते कपड्यांनी कमी आणि थप्प्यांवरच्या रिकाम्या हवेने जास्त. दोन फळ्यांमध्ये साधारण १४ ते १५ इंचांचे अंतर असते, पण कपड्यांची थप्पी वीतभर उंच झाली की ढासळू लागते, म्हणून आपण ती तेवढीच ठेवतो आणि वरचे पाच-सहा इंच वाया जातात. कपाट पोलादी असेल तर त्याच्या फळ्या बहुधा बाजूच्या खाचांत अडकवलेल्या असतात आणि वरखाली सरकवता येतात. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाट बनवायला सुरुवात केली, पुढे कोणाचेही पोलादी कपाट ‘गोदरेजचे कपाट’ झाले, पण फळ्या सरकतात हे लक्षात न घेता वीस-वीस वर्षे ते वापरणारी घरे मी पाहिली आहेत. मी फळ्यांमधले अंतर दहा इंचांवर आणले आणि एक जादा फळी करून घेतली. चारांच्या पाच फळ्या झाल्या, आणि एकही कपडा न देता माझे निम्मे काम झाले.

दुसरी जागा दांडीखाली जाते. शर्ट टांगल्यावर अडीच-तीन फूट लोंबतो आणि त्याच्या खाली जे उरते त्यात आपण पिशव्या कोंबतो. रोजचे शर्ट, कुडते आणि सुती साड्या टांगूच नयेत. माझ्या कपाटात दहा सुती साड्यांची थप्पी वीतभर होते. त्याच साड्या हँगरवर लावल्या तर दांडीचा मोठा भाग अडतो. जड जरीच्या साड्या तर मुळीच टांगू नयेत, कारण स्वतःच्या वजनाने त्या ओढल्या जातात. टांगायचे ते फक्त दुसऱ्या दिवशी घालायचे इस्त्रीचे कपडे आणि कोट. दांडीखालच्या जागेत मुलाचे कपडे बुटांच्या रिकाम्या खोक्यांत उभ्या घड्या करून ठेवावेत, म्हणजे एक ओढला की दहा विस्कटत नाहीत.

रेशमी साड्या मलमलच्या किंवा जुन्या सुती कापडात गुंडाळाव्यात आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी. घडी बदलताना आधीच्या रेषेवर पुन्हा घडी येऊ देऊ नये. खळ घातलेली सुती साडी बरेच दिवस ठेवायची असेल तर आधी खळ धुऊन काढावी, कारण कसर ही कापड कुरतडणारी कीड खळीवर येते. डांबराच्या गोळ्यांऐवजी वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेवावेत. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर डांबराच्या गोळ्या कधीही ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे एन्झाइम कमी असते आणि या गोळ्यांमुळे त्यांच्या रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते.

आणि जे जुने सुती कापड नेसण्याजोगे राहिले नाही, पण टाकवतही नाही, त्याची गोधडी शिवून घ्यावी. थरावर थर घालून टाके घातले की पाच-सहा साड्या कपाटातून निघून पलंगावर येतात, घरात राहतात आणि रोज वापरात येतात. वन्संना हा मार्ग तेव्हा सुचला असता तर खालचा खण तसाही रिकामा झालाच असता.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. हवा काढण्याच्या पिशव्या वाईट नाहीत. पॉलिएस्टरच्या रजया आणि ब्लँकेटे उन्हात पूर्ण वाळवून त्यांत भरली तर माळ्यावरची जागा निम्म्याने वाचते, आणि मीही आता तसेच करते. तोकडे झालेले, उसवलेले, डाग न निघणारे रोजचे कपडे जरूर काढावेत. त्यासाठी वर्षाची वाट पाहण्याचीही गरज नाही.

आपल्या कपाटाची खोली किती इंच आहे हे प्रश्नात लिहिलेले नाही. १८ इंच किंवा अधिक असेल तर घड्यांच्या दोन रांगा करून कार्याचे कपडे मागे आणि रोजचे पुढे ठेवता येतील. त्याहून कमी असेल तर एकच रांग बसेल आणि सणावाराच्या साड्यांसाठी पलंगाखाली झाकणाची पेटी करावी लागेल. तेव्हा फळ्या सरकवण्याआधी टेप घेऊन आतली खोली मोजावी, दाराची जाडी सोडून.