सॉफ्टवेअर तयार झाले, आता माणसे कशाला?

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीतील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो. ऑर्डर, साठा, बिले आणि जॉबवर्कची चलाने यांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही चार डेव्हलपर नेमून तयार करून घेतले. आता चौघांनाही मोकळे करून बाहेरच्या एजन्सीला एएमसी (वार्षिक देखभालीचे कंत्राट) द्यावी, असे शेठांचे म्हणणे आहे. “लेथ मशीन घेतल्यावर ते बनवणाऱ्याला आपण पगारावर ठेवतो का?” असे ते विचारतात. त्यांना कसे पटवावे?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : शेठांचा प्रश्न रास्त आहे, आणि “सॉफ्टवेअरलाही मशीनसारखी निगा लागते” हे नेहमीचे उत्तर आपण देऊ नये. तसे म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर बिघाड येतो, आणि बिघाडासाठी एएमसी पुरेशी आहे हा त्यांचा निष्कर्ष मग खोडता येत नाही. लेथ झिजते; सॉफ्टवेअर झिजत नाही. त्यातील एक ओळही न बदलता ते जुने होते, कारण ज्या व्यवहारासाठी ते लिहिले तो व्यवहारच पुढे सरकतो.

बेनेट लिएन्त्झ आणि बर्टन स्वॉन्सन यांनी ४८७ संस्थांची पाहणी करून १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू सॉफ्टवेअरवर होणाऱ्या कामात चुका दुरुस्त करण्याचा वाटा साधारण पाचवा हिस्सा निघाला; सर्वांत मोठा वाटा वापरणाऱ्यांनी मागितलेल्या सुधारणांचा होता. पाहणी जुनी असली तरी कोणत्याही कारखान्यातील संगणक विभागाला हे चित्र ओळखीचे वाटेल. तथापि शेठांपुढे परदेशी अभ्यास ठेवून फारसे काही साधणार नाही. त्यांना त्यांच्याच कारखान्याचा हिशेब दाखवावा.

त्यासाठी सॉफ्टवेअर वापरात आल्यापासून त्यात झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद काढा आणि त्यापुढे तो कोणी मागितला हे लिहा : खरेदी विभागाने, ग्राहकाने, सरकारने की स्वतः शेठांनी. माझा अंदाज असा की यादीत शेठांचे नाव बऱ्याचदा येईल, आणि त्यांच्या निर्णयांची अंमलबजावणी हेच डेव्हलपरांचे काम आहे हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. सरकारच्या रकान्यासाठी ई-इन्व्हॉइसचे, म्हणजे जीएसटीचे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या सक्तीचे, उदाहरण पुरेसे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ही सक्ती ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना होती. टप्प्याटप्प्याने उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ती मर्यादा ५ कोटींवर आली. पुढे १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्याहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना बिल ३० दिवसांत पोर्टलवर नोंदवणे भाग पडले. यांपैकी एकही बदल सॉफ्टवेअरमधील चुकीमुळे झालेला नाही, पण तो वेळेत केला नाही तर बिल अडते आणि बिलामागोमाग पैसेही अडतात. असे एखादे बिल किती दिवस अडले आणि त्यात किती रक्कम गुंतली, हा आकडा आपल्या लेखा विभागाकडे असेल. तो जरूर मागून घ्या.

सुरक्षिततेचा मुद्दा शेवटी आणि थोडक्यात मांडावा, कारण भीती घालून मिळवलेली मंजुरी पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत टिकत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे (Log4j) या जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या तयार घटकात गंभीर त्रुटी सापडली. दुरुस्ती लवकर उपलब्ध झाली, परंतु आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तो घटक आहे की नाही, हे सांगणारे माणूस ज्यांच्याकडे नव्हते त्यांना ती लावायची कुठे हेच कळेना.

आता एक गोष्ट आपल्याला कदाचित रुचणार नाही. बांधणीच्या वेळी लागणारी चार माणसे पुढेही लागतीलच असे नाही, आणि चौघांचाही आग्रह धरलात तर तो आपल्या विभागाचा हट्ट वाटेल. माझ्या मते दोघे मागावेत. एकच ठेवला तर तो सोडून जाईल त्या दिवशी सारी माहिती त्याच्याबरोबर जाईल, आणि नव्या माणसाचे पुढचे काही महिने दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यातच जातील.

एवढे करूनही शेठांनी एजन्सीच पसंत केली, तर निदान करारात तीन गोष्टी लिहून घ्या : सोर्स कोड आणि त्याची मालकी कारखान्याकडे राहील, बिघाडदुरुस्ती आणि नवे बदल यांचे दर वेगवेगळे असतील, आणि कायद्यातील बदल अंमलात येण्याच्या तारखेआधी पूर्ण झाला नाही, तर भरपाई कोणी द्यायची ते स्पष्ट असेल. असा करार दोन-तीन एजन्सींकडे पाठवून दरपत्रके मागवा. दोघांच्या वार्षिक पगाराशी ती ताडून पाहूनच शेठांना अंतिम निर्णय घेऊ द्या.