जुन्या मोठ्या एसयूव्हीचा हँडब्रेक केबल घट्ट करूनही का धरत नाही?

तुमच्या पंधरा वर्षे जुन्या गाडीचा हँडब्रेक पूर्ण ओढला तरी ती उतारावर सरकते आणि दोनदा केबल घट्ट करूनही फरक पडलेला नाही, असे तुम्ही लिहिले आहे. कृपया तिसऱ्यांदा केबलला हात लावू नका. आधी मागची दोन्ही चाके काढून आतले शू, म्हणजे फिरत्या ड्रमला आतून दाबून धरणारे ब्रेकचे कमानदार तुकडे, पाहा.

अशा बहुतेक गाड्यांत मागे डिस्क ब्रेक असले, तरी डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागात एक छोटा ड्रम असतो आणि हँडब्रेकचे शू त्याच्या आत बसवलेले असतात. गाडी थांबवण्याचे काम त्यांच्याकडे नसल्यामुळे ते झिजून संपत नाहीत, गंजून निकामी होतात. माझ्या गाडीची डिस्क काढली तेव्हा एका बाजूचा लायनर (शूवर चिकटवलेला, घासून धरणारा थर) शूपासून सुटून अख्खाच्या अख्खा हातात आला, खालच्या लोखंडावर गंजाचे पापुद्रे सुटले होते आणि शू ड्रमच्या जवळ-दूर सरकवणाऱ्या अॅडजस्टरचे दातेरी चाक जागचे हलत नव्हते. दुसऱ्या बाजूला अॅक्सलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) तेल अडवणाऱ्या सीलमधून झिरपलेल्या गिअर ऑइलने शू काळे, चिकट झाले होते. तेल प्यायलेला लायनर धुऊन उपयोग होत नाही. सील बदलून दोन्ही चाकांचे शू नवे घालावे लागतात.

नंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. केबल पूर्ण सैल करून अॅडजस्टरने शू ड्रमला टेकवावेत, चाक हाताने जेमतेम घासत फिरेल इतके मागे घ्यावेत आणि मगच केबलचा ताण ठरवावा. उलट क्रमाने केल्यास शू मूळ जागेवर परत बसत नाहीत आणि चालत्या गाडीत घासून ड्रम तापतो. केबल जाम आहे का, हे चाकाकडचे टोक सोडवून कळते: लिव्हर सोडल्यावर आतली तार झटकन मागे गेली नाही, तर आवरणात पाणी शिरून ती गंजली आहे. वंगणाने ती काही दिवस हलेल, पण बदलणेच योग्य.

गाडी जुनी लँड रोव्हर डिफेंडर किंवा पहिल्या दोन पिढ्यांची डिस्कव्हरी असेल, तर मात्र चाकांत काही सापडणार नाही, कारण त्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीच्या) मागे असतो आणि तो प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याला, धरतो. अशा गाडीचे एकच मागचे चाक जॅकवर उचलले, तर डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते हवेत मोकळे फिरू शकते आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी पुढे-मागे जाऊ शकते. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय जॅक मुळीच लावू नका.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी सपाट जागीच उभी करा. ऑटोमॅटिक गाडीतही केवळ गिअरच्या ‘पी’वर (पार्कवर) विसंबू नका, कारण उतारावर एवढ्या जड गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका लहानशा खिट्टीवर येतो, आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर तीही चाकांना अडवू शकत नाही.