पथकात मेडिक कशाला? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

महाविद्यालयाच्या सुरक्षा पथकात प्रथमोपचार येणारा माणूस असावा का, या विषयावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : अमेरिकेत विद्यापीठांचे स्वतःचे पोलिस असतात आणि त्यांच्या आपत्कालीन पथकात ‘मेडिक’ असतो, असे वाचले. रुग्णवाहिका असताना हा वेगळा माणूस कशाला? (सुरक्षा पर्यवेक्षक, जळगाव)

कारण रुग्णवाहिका वेळेवर आली तरी ती आत जात नाही. गोळीबार किंवा चाकूहल्ला चालू असताना रुग्णवाहिकेचे कर्मचारी पोलिसांनी जागा सुरक्षित करेपर्यंत बाहेर थांबतात. नियम तसाच आहे आणि तो बरोबरही आहे. पण मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली, तर माणूस काही मिनिटांत जातो. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेतील गोळीबारात एक जखमी शिक्षक काही तास आतच पडून राहिले आणि मदत पोहोचेपर्यंत वारले. पोलिसांसोबतच आत शिरणारा वैद्यकीय माणूस हवा, या विचाराला त्यानंतर जोर आला.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांची हत्या झाली. तिथे दोन पोलिस पथकांबरोबर दोन मेडिक नॉरिस हॉल या इमारतीत गेले. त्यांतला एक विद्यापीठाच्या बचाव पथकाचा होता आणि ते पथक विद्यार्थीच चालवतात. दोघांनी आधी कोण जिवंत आहे ते पाहिले, मग कोणाला पहिल्यांदा बाहेर काढायचे ते ठरवले. एकाच्या मांडीला टूर्निके (दांडा पिळून आवळायचा, रक्त थांबवणारा पट्टा), एकीच्या छातीच्या जखमेवर हवाबंद पट्टी, असे मोजकेच उपचार आत झाले. सलाईन नाही, टाके नाहीत. आतमध्ये जास्त काही करत बसणारा मेडिक पथकाला अडथळा होतो.

कामाच्या जागेचे तीन भाग मानतात. धोका समोर आहे तो हॉट झोन. तिथे फक्त ओढून आडोशाला आणायचे, फार तर टूर्निके आवळायचा. धोका जवळ आहे पण समोर नाही, तो वॉर्म झोन. मेडिकचे खरे काम इथे : रक्त थांबवणे, श्वासाची वाट मोकळी करणे, छातीची जखम झाकणे, अंग गार पडू न देणे, याच क्रमाने. कोल्ड झोनमध्ये रुग्णवाहिका उभी असते. ‘आधी श्वास, मग रक्त’ असे शिकलेल्यांना हा क्रम उलटा वाटेल, पण मोठा रक्तस्राव श्वास अडकण्याइतक्याच वेगाने मारतो आणि हाताने थांबवायला सोपा असतो.

दुसरे काम कोणाच्या नजरेत येत नाही. बंदोबस्त लागण्याआधी जवळचे रुग्णालय कोणते, रस्ता कुठला, पथकातल्या कोणाला दमा किंवा साखर आहे, पाणी किती न्यायचे, हे मेडिक ठरवतो. हल्लेखोर जखमी झाला, तर त्याच्यावरही तोच उपचार करतो.

प्रश्न : मेडिककडे बंदूक असते का?

काही ठिकाणी तो शपथ घेतलेला पोलिसच असतो, म्हणून असते. काही ठिकाणी अग्निशमन किंवा बचाव दलातून येतो आणि निःशस्त्र राहून पोलिसांच्या मागे चालतो. दोन्ही पद्धती चालतात. मात्र उपचार करताना पहारा दुसऱ्याने द्यायचा, यात तडजोड नाही.

प्रश्न : आमच्याकडे १४ सुरक्षारक्षक आहेत. किती जणांना शिकवावे? बंदूक-बिंदूक काही नाही, मग हे सगळे लागू पडते का? (प्राध्यापक, शिरपूर)

आपल्याकडे कॅम्पस पोलिस नाहीत. गेटवर असतो तो एजन्सीचा किंवा संस्थेचा रक्षक, त्याला पोलिसांचे अधिकार नाहीत. गोळीबाराची तालीम करण्यात अर्थ नाही. हॉस्टेलमधली मारामारी, लेथवर अडकलेला हात, प्रयोगशाळेतले अ‍ॅसिड, मेमधली परीक्षा, आग्या मोहोळ, साप हे खानदेशातले खरे प्रसंग आहेत. उचलायचे ते तत्त्व : पहिल्या पाच मिनिटांत पोहोचणाऱ्या माणसालाच उपचार आला पाहिजे.

आता हिशोब. तीन पाळ्यांत प्रत्येकी एक प्रशिक्षित माणूस हवा, तर ३ नव्हे, किमान ५ जण लागतात, कारण साप्ताहिक सुट्टी, रजा, लग्नसराई. स्ट्रेचर उचलायला दोघे लागतात, म्हणून पाळीत दोन हवेत. १४ मधून ८ ते १० जण शिकवा. रात्रपाळी आधी धरा, तेव्हा डॉक्टर नसतो, शिक्षक नसतो, फक्त रक्षक असतो.

खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखालील केंद्राच्या आदर्श नियमांत रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर प्रशिक्षण सांगितले आहे आणि विषयांत प्रथमोपचार आहे. एजन्सीशी करार करताना प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर समाधान मानू नका. रक्षकाला पुतळ्यावर दोन मिनिटे छाती दाबून दाखवायला सांगा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. बहुतेकांचा दाब थोड्याच वेळात उथळ होतो, म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात. रेडक्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स हे वर्ग घेतात, एनसीसी आणि एनएसएसची मुले-मुली त्यात बसवा. मुलींच्या हॉस्टेलसाठी महिला रक्षक शिकलेली हवीच. नंदुरबारकडे भिली, पावरी बोलणारा आणि बाकी ठिकाणी ‘काय व्हयनं भाऊ?’ असे अहिराणीत विचारणारा कोणी पथकात असला, तर घाबरलेला मुलगा लवकर बोलता होतो.

प्रश्न : पिशवीत काय ठेवावे? (कार्यालयीन अधीक्षक, अमळनेर)

एका पिशवीत : टूर्निके २, गॉजचे रोल ६, क्रेप बँडेज १० आणि १५ सेंटिमीटरची दोन-दोन, त्रिकोणी पट्ट्या ४, हातमोज्यांच्या १० जोड्या, बोथट टोकाची जाड कात्री, तोंडाने श्वास द्यायचा पॉकेट मास्क, जखम धुवायला ५०० मिलिलिटर सलाईनच्या २ बाटल्या, ओआरएसची १० पाकिटे, ग्लुकोज पावडर, फॉइलचे ब्लँकेट, टॉर्च, मार्कर पेन. हाड मोडल्यास आधार द्यायला पुठ्ठ्याच्या खोक्याचे दोन लांब तुकडे चालतात. गोळ्या आणि मलमे ठेवू नका. ठेवली की रोज डोकेदुखीवाले रांग लावतात आणि पिशवी रिकामी होते.

पिशवी नापास होते ती किल्लीवर. कपाट कार्यालयात, किल्ली कारकुनाकडे, कारकून घरी. ती गेटच्या चौकीत, सील लावून, कुलपाशिवाय ठेवा. सील तुटले तर मोजणी. उन्हात उभ्या जीपमध्ये ठेवाल, तर हातमोजे चिकटतात आणि पट्ट्यांचा गोंद सुटतो. टूर्निके प्लॅस्टिकमधून काढून, पट्टा पूर्ण सैल करून ठेवा, रक्ताळलेल्या हाताने ते पाकीट फाटत नाही. स्वस्त नकलेचा दांडा नेमका पिळताना मोडतो. सरावाचा टूर्निके वेगळा ठेवा, सरावात ताणलेला खऱ्या प्रसंगी वापरू नये.

प्रश्न : रक्त थांबवायला ओढणी बांधली तर? आणि साप चावल्यावरही तसेच बांधायचे ना? (विद्यार्थी, चोपडा)

दोन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि गोंधळ झाला तर हात-पाय जाऊ शकतो.

रक्तस्रावात आधी दोन्ही तळहातांनी जखमेवर थेट दाब. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात असे म्हणायचा मोह होतो, पण मोजलेले कोणी नाही. चूक मात्र ठरलेली : दर अर्ध्या मिनिटाला पट्टी उचलून बघणे. हात-पायातून रक्त उडत असेल किंवा पट्टी भिजून ठिबकत असेल, तर टूर्निके. जखमेपासून ५ ते ७ सेंटिमीटर वर, धडाच्या बाजूला. कोपर किंवा गुडघ्यावर नाही. पँटच्या खिशातला मोबाइल, किल्ल्या काढा, नाहीतर दाब त्यांच्यावरच जातो. दांडा फिरवण्याआधी पट्टा खेचून घट्ट करा. पट्टा सैल राहिला की दांडा कितीही फिरवा, रक्त थांबत नाही. वेढे मोजू नका, रक्त थांबेपर्यंत पिळा. माणूस दुखण्याने ओरडेल, सैल करू नका. कपाळावर किंवा पट्ट्यावर वेळ लिहा. तरी वाहिले, तर त्याच्या वर दुसरा. नंतर काढायचा तो डॉक्टरने.

ओढणी चालते, पण घडी किमान ४ सेंटिमीटर रुंद हवी आणि पिळायला मजबूत काठी हवी. पेन मोडतो. दोरी किंवा वायर कातडी कापते. जांघेत आणि काखेत टूर्निके बसतच नाही. तिथे गॉज जखमेच्या तळापर्यंत बोटाने ठासून भरा आणि १० मिनिटे हात काढू नका.

सर्पदंशात काहीही आवळून बांधायचे नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने पेशी मरतात. आवळलेल्या जागी ते आणखी वाढते, आणि गाठ सोडल्यावर विष एकदम पसरते. अंगठी, कडे, पैंजण काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. दंशाचा अवयव फळीने हाडमोडीसारखा स्थिर करा, माणसाला चालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांवर एकच प्रतिविष चालते, म्हणून साप मारून नेण्याची गरज नाही. मण्यारचा दंश रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो आणि फारसा दुखतही नाही. हॉस्टेलचा मुलगा पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या सांगत असेल, तर अपचन समजून सोडा पाजू नका, रुग्णालयात न्या.

प्रश्न : एप्रिल-मेच्या परीक्षांत मुले चक्कर येऊन पडतात. कोणाला लिंबू-पाणी आणि कोणाला दवाखाना? (प्राचार्य, भुसावळ)

नाव, वार, वर्ग विचारा. नीट सांगतो, घाम आहे, मळमळते : सावली, पाय उंच, १ लिटर पाण्यात ओआरएसचे १ पाकीट, घोट-घोट. उत्तर भलतेच येते, झटके येतात, शुद्ध नाही आणि अंग तापलेले आहे : उष्माघात. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते. घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजू नका, धावताना पडलेल्या मुलाला घाम असतो. कपाळावरच्या थर्मामीटर-गनवरही विसंबू नका.

इथे आधी थंड करा, मग हलवा. वरचे कपडे काढा, अंगभर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. वर्गात कूलर असेल, तर तोच अंगावर फिरवा. बर्फ असेल तर काखेत, जांघेत, मानेला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाते. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा ताप संसर्गाचा नव्हे. आणि गेटवर पॉलिएस्टरच्या गणवेशात उभ्या रक्षकाकडेही दुपारी कोणी तरी बघा.

प्रश्न : फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवावी का?

नाही. दातांत चमचाही नको. आजूबाजूचे बाक सरकवा, डोक्याखाली कापड द्या, घड्याळ पाहा, झटके थांबल्यावर कुशीवर वळवा. ५ मिनिटांत थांबले नाही किंवा लागोपाठ दुसरी फिट आली, तर १०८.

प्रश्न : मदत केली आणि मुलगा दगावला, तर रक्षकावर केस होईल का?

भल्या हेतूने, संमती घेणे शक्य नसताना केलेल्या मदतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चे संरक्षण आहे. रस्त्यावरच्या अपघातात मोटार वाहन कायद्याचे २०१९ साली आलेले कलम १३४अ मदत करणाऱ्याला वाचवते. १३४अ मदत करतानाच्या निष्काळजीपणालाही संरक्षण देते, पण ते फक्त वाहन अपघातापुरते. कलम ३० मध्ये निष्काळजीपणाला माफी नाही. म्हणून शिकवलेले तेवढेच करा : इंजेक्शन नाही, गोळी नाही, हाड बसवणे नाही.

प्रश्न : १०८ ला फोन केला तरी गाडी आवारात भटकते. काय करावे? (वसतिगृह अधीक्षक, जळगाव)

मोठ्या आवारात हे होणारच. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठासारखा परिसर गिरणेपलीकडे असेल, तर शहरातून येणाऱ्या गाडीला पूलही ओलांडायचा असतो. फोनवर संस्थेच्या नावाआधी गेट क्रमांक आणि महामार्गावरची खूण सांगा. रुग्ण किती, शुद्धीत आहे का, श्वास आहे का, एवढे सांगून फोन चालू ठेवा. मारामारी असेल तर ११२ वेगळ्या माणसाने लावा. एक रक्षक गेटवर, एक पहिल्या वळणावर, एक लिफ्ट धरून. गेटसमोरच्या दुचाकी रोजच हटवलेल्या हव्यात, त्या वेळी मालक सापडत नाहीत.

महाराष्ट्रात १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. त्याला चार गोष्टी सांगा : किती वाजता, काय घडले, काय दिसले, काय केले. ‘साडेअकरा वाजता, लेथवर हात अडकला, मनगटाच्या वर खोल जखम, अकरा पस्तीसला टूर्निके.’ हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्या, कारण गाडीतून उतरेपर्यंत तोंडी सांगितलेली वेळ बदललेली असते.