वाचकांचे प्रश्न : चवळीचा अकारा हलका का होत नाही?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त तीन वर्षे नायजेरियात लागोस येथे होता. तेथे सकाळी रस्त्याच्या कडेला कढईतून गरम गरम मिळणारा ‘अकारा’ नावाचा चवळीचा वडा त्याला फार आवडू लागला. तो परत आल्यावर मी घरी करून पाहिला. चवळी रात्रभर भिजवून कांदा, मिरची आणि मीठ घालून मिक्सरमध्ये वाटली आणि तेथे पामतेल वापरतात असे ऐकल्यामुळे दुकानातून आणलेल्या पामतेलात तळली. वडे चपटे, जड आणि तेलकट झाले. पिठात सोडा घालावा का? शिवाय उरलेल्या पिठाचे काय करावे? – एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : सोडा घालू नये, आणि बेसनही मिसळू नये, तसे केल्यास वडा फुगेल, पण ती आपली भजी होतील. नायजेरियातील योरुबा लोकांच्या या पदार्थाला फुगवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे फेटताना पिठात कोंडलेली हवा. आपण केलेल्या कृतीत ही हवा शिरण्याच्या आणि टिकण्याच्या वाटा तीन ठिकाणी बंद झाल्या आहेत.

पहिले ठिकाण सालीचे. आपण चवळी सालीसकट वाटलेली दिसते. साल राहिली की पीठ भरड आणि करडे होते व फेटले तरी चढत नाही. पाव किलो चवळी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी, दोन्ही तळहातांत चोळावी आणि भरपूर पाणी ओतून वर तरंगणारी साले पुन्हा पुन्हा निथळून टाकावीत. बिरड्यासाठी एकेक वाल सोलण्याची सवय असलेल्या घरात हे काम अवघड वाटणार नाही, मात्र येथे दाणा दाणा हातात घेण्याची गरज नसते. बाजारात चवळीची सालरहित डाळ मिळत असेल तर तिनेही काम भागते. शुद्धतेचा आग्रह धरणारे नाक मुरडतील, पण आठवड्याच्या दिवसांत मी स्वतः डाळच घेते. सोललेले दाणे आणखी दोन तास भिजवावेत.

दुसरे ठिकाण पाण्याचे. मिक्सरचे पाते फिरावे म्हणून आपण पाणी ओतत जातो आणि पीठ धिरड्यासारखे पातळ होते. वरील प्रमाणाला अर्धा कांदा, चवीप्रमाणे लाल मिरची आणि जेमतेम तीन-चार चमचे पाणी पुरते. नायजेरियात यासाठी ‘अता रोडो’ ही बुटकी, सुवासिक आणि अतिशय तिखट मिरची घेतात; तिच्याऐवजी आपली ताजी लाल मिरची चालेल, मात्र तो वास येणार नाही. वाटलेले पीठ मोठ्या भांड्यात घेऊन लाकडी कालथ्याने किंवा हाताने एकाच दिशेने सात-आठ मिनिटे जोरात फेटावे. पूर्वी हे काम उखळीत होत असे. पीठ पांढरट आणि हलके झाले की त्याचा एक थेंब वाटीभर पाण्यात टाकावा. दहीवड्याच्या पिठाप्रमाणे तो तरंगला पाहिजे, बुडाला तर आणखी फेटावे.

तिसरे ठिकाण मिठाचे, आणि बहुतेकांची चूक येथेच होते. मीठ कांद्याचे पाणी सोडवते व पीठ सैल पडते, म्हणून मीठ आणि उरलेला बारीक चिरलेला कांदा तेल तापल्यावरच पिठात घालावा आणि लगेच तळायला घ्यावे. तेल साधारण १७५ अंश सेल्सिअसवर असावे, कढईत दाटी करू नये आणि पीठ चमच्याने तेलाच्या पृष्ठभागाजवळून अलगद सोडावे. एक बाजू तांबूस झाल्यावरच वडा उलटावा. आपले वडे तेलकट झाले याचे कारण बहुधा पिठाचा पातळपणा आणि कमी तापलेले तेल हे दोन्ही असावे.

पामतेलाबद्दल गैरसमज होणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे मिळणारे शुद्धीकृत पामोलिन फिकट आणि जवळजवळ वासहीन असते. पश्चिम आफ्रिकेतले पारंपरिक तेल मात्र तेलताडाच्या फळांच्या गरापासून काढलेले, गडद तांबडे आणि ठसठशीत वासाचे असते. नायजेरियातील अनेक घरांत आता अकारा साध्या खाद्यतेलात किंवा शेंगदाणा तेलात तळतात, तेव्हा आपण निःशंकपणे शेंगदाणा तेल वापरावे. तांबड्या तेलाचा आग्रह अधिक दिसतो तो ब्राझीलमधील बाइया प्रांतात. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर तेथे पोहोचलेला हाच वडा ‘अकाराजे’ या नावाने देंदे तेलात, म्हणजे याच तांबड्या पामतेलात, तळला जातो आणि चिरून त्यात सुकी कोळंबी व वातापा नावाचे दाट सारण भरतात. बाइयातील साल्व्हादोर शहराच्या रस्त्यांवर तो विकणाऱ्या स्त्रियांच्या व्यवसायाला ब्राझीलने २००५ साली राष्ट्रीय सांस्कृतिक वारशात स्थान दिले.

खाताना मुलाला अकाराबरोबर ‘ओगी’ द्यावी, म्हणजे आंबवलेल्या मक्याची पातळ पेज. आपल्या आंबिलीशी तिचे जवळचे नाते वाटते. घरात आंबील होत असेल तर ती दिल्यासही जोडी जमते.

उरलेल्या पिठाविषयी : मीठ घालण्याआधीच थोडे पीठ बाजूला काढावे. त्यात पाणी, वाटलेली लाल मिरची, मीठ आणि दोन चमचे तेल घालून ते सैल करावे आणि केळीच्या पानाच्या पुडीत किंवा तेल लावलेल्या वाटीत पाऊण तास वाफवावे. योरुबा लोक याला ‘मोईन मोईन’ म्हणतात. थंड झाल्यावर ते घट्ट होते, म्हणून पुडी गरम असताना उघडण्याची घाई करू नये.